घर विकले, पण बंब कुणाचा?

मैत्रिणींनो, घर विकत घ्यायला जातो तेव्हा आपण काय काय पाहतो ते जरा आठवा. दार कुठल्या दिशेला, देवघर कुठे येईल, ओट्याची उंची पुरेशी आहे का, मागच्या दारी धुणे वाळत घालायला जागा आहे का. पुरुषमंडळी उतारा, रस्त्याची रुंदी आणि भाव यांत गुंतलेली असतात. न्हाणीघरात वर टांगलेल्या त्या पांढऱ्या डब्याकडे कुणी मान वर करूनसुद्धा बघत नाही. आणि खरेदीखत झाल्यावर पहिले भांडण निघते, ते नेमके त्या डब्यावरून!

आमचे नशिराबाद जळगाव-भुसावळच्या हमरस्त्यावर. इथे घरे सारखी हात बदलत असतात. कुणी रेल्वेतून निवृत्त होतो, कुणी आयुधनिर्माणीतून. मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली, मग गावातले घर विकून म्हातारा-म्हातारी तिकडे जातात. दुसरीकडे खेड्यावरून शिक्षणासाठी आलेली कुटुंबे घर शोधत असतात. खानदेश म्हटला की लोकांना पंचेचाळीस अंशांचा उन्हाळाच आठवतो, पण आमचा पौष-माघाचा गारठा ज्याने अनुभवला आहे त्याला विचारा. पहाटे साडेपाचला डबे करायला उठणाऱ्या बाईला गरम पाणी ही चैन नव्हे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. अंगणात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत काटक्या, गोवरी, कोळसा, भोवती पाणी, खाली तोटी. बंब गळू लागला की तांबट डाख देऊन जाई. आता एकाच घरात विजेचा गीझर, गच्चीवर सोलर आणि अंगणात शोभेला का होईना पण बंब, अशी तिन्ही पिढ्यांची वस्ती असते. घर विकताना यातले कोणते घराबरोबर जाणार आणि कोणते माणसाबरोबर? आणि जे राहील ते चालत नसेल तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा?

आमच्या भागातच घडलेले सांगते. नावे घेत नाही, दोन्ही घरी माझे जाणे-येणे आहे. विकणाऱ्या काकू, घेणाऱ्या वहिनी. दिवाळीनंतर घर दाखवताना काकू मोठ्या मनाने म्हणाल्या, “सगळं तुमचंच हो आता. आम्ही पुण्याच्या फ्लॅटमधे काय काय नेणार?” इसार झाला, जानेवारीत खरेदीखत झाले, किल्ल्या मिळाल्या. वहिनी राहायला गेल्या, तर अंगणातला बंब गायब. गच्चीवरचा सोलर टाकीखालून ठिबकतोय, आणि तिथे कधीतरी मेण लावल्याच्या खुणा. गीझर चालू केला तर तोटीला हात लावताच मुंग्या आल्या. व माय! घरात दोन लहान मुले!

मिस्त्री आला. गीझर उघडला तर कॉईलवर पांढऱ्या क्षाराचा बोटभर थर, आणि तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही. वहिनींनी गीझरचे नि सोलरचे बिल काकूंना पाठवले. शिवाय ताबा देताना द्यायचे राहिलेले वीस हजार रोखून धरले. काकूंचे म्हणणे, “निघालो त्या दिवशीपर्यंत मी त्याच गीझरच्या पाण्याने आंघोळ केली. आणि बंब माझ्या लग्नात माहेरून आलेला. तो मी घरासोबत विकीन होय?” दोघीही खऱ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू मुद्दाम गावी आल्या होत्या. एकाच ओटीवर बसून दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. घाबरू नका, वकिली भाषा नाही.

आपल्याकडे स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्याच्या कलम ८ मध्ये सांगितले आहे की घर दिले म्हणजे त्यासोबत कुलुपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी असलेल्या इतर वस्तूही गेल्या. मात्र काही वेगळे ठरले असेल तर ते खरे. आता ‘कायमच्या वापरासाठी’ म्हणजे काय? दोन गोष्टी बघतात. वस्तू कशी बसवली आहे, आणि कशासाठी बसवली आहे. गच्चीवर कट्टा बांधून, भिंतीतून पाइप नेऊन बसवलेला सोलर घराचा भाग म्हणायला जागा आहे. अंगणात नुसता ठेवलेला बंब तर उघड उघड जंगम वस्तू. म्हणजे बंबाच्या बाबतीत काकूंचे बरोबर, वहिनींनी कितीही मनाला लावून घेतले तरी. अडचण आहे ती गीझरची. दोन खुंट्यांवर टांगलेला, दोन नळ्या आणि एक प्लग. काढायला पंधरा मिनिटे पुरतात. तो घराचा की माणसाचा, यावर दोन वकील दिवसभर वाद घालतील आणि दोघांची फी आपण भरू.

दुसरे कलम ५५. वेगळा करार नसेल तर विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कर्तव्ये यात दिली आहेत. विकणाऱ्याला जो महत्त्वाचा दोष माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजीने पाहूनही दिसणार नाही, तो सांगणे विकणाऱ्याला भाग आहे. लपवला तर ती फसवणूक ठरते. वाचून वाटते, झाले, वहिनी जिंकल्या! तसे नाही. ‘महत्त्वाचा’ या शब्दात सगळे अडकले आहे. जो दोष कळला असता तर माणसाने हे घर घेतलेच नसते, अशा तोडीचा तो हवा. सोलरच्या टाकीला भोक आहे म्हणून कुणी घर नाकारीत नाही, भाव थोडा कमी करून मागते एवढेच. आणि अर्थिंगची वायर सुटलेली आहे हे काकूंना तरी कुठे ठाऊक होते? जे ठाऊक नाही ते लपवले असे म्हणता येत नाही. म्हणून मला विचाराल तर वहिनींची बाजू मनाला पटते, पण कायद्याच्या तराजूत ती हलकीच भरते.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र घेणाऱ्या बाईने पक्की लक्षात ठेवावी. सौदा झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्याने मालमत्तेची अशी काळजी घ्यायची, जशी शहाणा मालक आपल्या वस्तूची घेतो. म्हणजे इसार घेतला, आता आपले काय, म्हणून तुंबलेली मोरी तशीच सोडणे चालत नाही. त्याचप्रमाणे विक्रीच्या तारखेपर्यंतच्या सरकारी पट्ट्या विकणाऱ्याने भरायच्या.

काहीजणी म्हणतील, ग्राहक मंचात जाऊ. आता त्याला जिल्हा ग्राहक आयोग म्हणतात, २०१९ चा नवा कायदा आहे. पण काकूंनी राहते घर विकले, त्या काही दुकान मांडून बसलेल्या नव्हत्या. तिथे त्यांच्यावर तक्रार टिकणे कठीण. होय, पैसे घेऊन गीझर नीट न करणाऱ्या दुरुस्तीवाल्यावर तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पण त्यासाठी पावती हवी, आणि पावती मागायची आपल्याला लाज वाटते! बिल्डरकडून नवे घर घेतले असेल तर गोष्ट वेगळी. रेरा कायद्यात बांधकामाच्या आणि कामाच्या दर्जाच्या दोषांना ताब्यापासून पाच वर्षे बिल्डर जबाबदार असतो. जुन्या घराला ते संरक्षण नाही.

विलायतेत हा तंटा फार जुना. तिथे घरोघरी गॅसचा बॉयलर असतो, त्यावर आंघोळीचे पाणीही तापते आणि अख्खे घरही. थंडीत तो बंद पडला तर हाल. म्हणून इंग्लंडमध्ये घर विकणाऱ्याला वकिलांच्या लॉ सोसायटीचे छापील फॉर्म भरून द्यावे लागतात. एकात विचारलेले असते, बॉयलर कधी बसवला, चालू आहे का, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली. दुसऱ्यात खोलीवार यादी: पडदे राहणार की नेणार, दिवे राहणार की नेणार, बागेतले रोप राहणार की नेणार. गंमत म्हणजे स्वतः राहत असलेल्या घराचा बॉयलर दरवर्षी तपासून घ्यावाच असा मालकावर तिथेही कायदा नाही. भाडेकरू ठेवला तर मात्र गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी सक्तीची. त्यामुळे घेणारा म्हणतो, आधी सर्व्हिसिंग करून कागद द्या. विकणारा म्हणतो, चालतोय ना, मग कशाला. म्हणजे सगळीकडे मातीच्याच चुली. फरक एवढाच की त्यांच्याकडे प्रश्न आधी कागदावर येतो, आपल्याकडे नंतर ओटीवर.

आपल्याकडे दीपनगरच्या वीज केंद्रातल्या अजस्र बॉयलरला तपासणीचा दाखला लागतो. त्यासाठी १९२३ पासून कायदा आहे आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पण न्हाणीघरातल्या गीझरला तो लागू नाही. तिथल्या इन्स्पेक्टर आपणच.

तेव्हा घर पाहायला जाल तेव्हा दोनदा जा. दुसऱ्यांदा जाताना आधी निरोप द्या, “आम्ही येण्याआधी गीझर लावू नका, आमच्यासमोर लावा.” यात कुणाचा अपमान नाही. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर साध्या गार पाण्यापासून चांगले कढत पाणी वीस-पंचवीस मिनिटांत देतो आणि दिवा आपोआप विझतो. दिवा विझलाच नाही तर थर्मोस्टॅट बिघडला. फार लवकर विझला आणि पाणी कोमटच आले, तरी तोच दोषी. आतून खडखड किंवा किटलीसारखा आवाज आला तर क्षार साचला असे समजा. आमच्या भागात खाली काळा खडक, बोअरचे पाणी जड. हा क्षार कॉईलवर बसला की कॉईल आतल्या आत तापून जळते. पाण्याच्या टाकीत मॅग्नेशिअमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते आणि टाकी गंजण्यापासून वाचते. ही कांडी वर्षा-दोन वर्षांनी उघडून पाहायला हवी. ज्या घरात सहा-सहा वर्षे गीझर उघडलेला नाही तिथे ती संपलेलीच असणार, मग टाकी झिजू लागते.

प्लग मात्र स्वतः डोळ्यांनी पाहा. २ किलोवॅटचा गीझर साधारण नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला मोठा, १६ अँपिअरचाच सॉकेट हवा, पंख्या-दिव्याच्या लहान सॉकेटवर जोडलेला दिसला तर तिथेच सांगा. तीन पिना आहेत म्हणून निश्चिंत राहू नका; तिसरीला आत वायर जोडली आहे का आणि घराची अर्थिंग जिवंत आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा गळती पकडणारा स्विच नसेल तर तो बसवण्याचा खर्च भावातून वळता करून घ्या. मुलांच्या जिवाशी गाठ आहे. गीझरचे सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकते म्हणून कुणी त्याला बूच मारून ठेवते, तेही बघा. पाणी तापून फुगले की जादा दाब तिथूनच बाहेर पडायचा असतो. ते बंद करणे म्हणजे घरात फटाका ठेवण्यासारखे.

गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर माझे मत सरळ आहे: तो तिथे ठेवूच नका, फुकट मिळाला तरी. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. आंघोळीला गेलेली माणसे आतच बेशुद्ध पडून दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतोच. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त नळ.

सोलर पाहायला सकाळी जाऊ नका, दुपारी चारला जा. पाणी तोंडाने सांगतात तेवढे गरम आहे का ते नळाखाली हात धरून बघा. काचेच्या नळ्यांचे टोक चकचकीत चंदेरी असते. ज्या नळीचे टोक पांढरट झाले आहे तिच्यातली निर्वात जागा गेली, ती नळी निकामी. टाकीच्या बुडाला आणि जोडांना ओल आहे का बघा. मेण किंवा पट्टी लावलेली दिसली तर विचारा, कधी लावली. उत्तर देताना समोरच्याचा चेहराही बघा!

आता कागद. इसार पावती आपल्याकडे पुरुष दोन ओळींत उरकतात. तसे करू देऊ नका. त्यात किंवा सोबतच्या यादीत असे काहीतरी लिहून घ्या:

“सदर घरासोबत पुढील वस्तू चालू स्थितीत द्यावयाच्या आहेत : न्हाणीघरातील १५ लिटरचा विजेचा गीझर, गच्चीवरील १०० लिटरचा सोलर, बोअरची मोटर पाइपसह, छताचे पाच पंखे. गीझर व सोलरची तपासणी-दुरुस्ती लिहून देणार यांनी खरेदीखतापूर्वी आपल्या खर्चाने करून त्याची पावती लिहून घेणार यांना द्यावी. अंगणातील तांब्याचा बंब, देव्हारा व इन्व्हर्टर लिहून देणार घेऊन जातील.”

एवढ्याने निम्मी भांडणे मिटतात. कुणाला सगळा खर्च स्वतः करायचा नसेल तर निम्मा-निम्मा लिहा, किंवा ‘आहे त्या स्थितीत’ लिहून भाव उतरवून घ्या. तिन्ही रीती चांगल्याच आहेत. वाईट रीत एकच, “सगळं तुमचंच हो.” तुम्ही विकणाऱ्या असाल तर हे तोंडातून काढूच नका. घर दाखवताना मन भरून येते, चार गोष्टी जास्त बोलल्या जातात, आणि समोरची बाई त्या शब्दाला धरून चालते. माहेरची वस्तू असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधीच उचलून ठेवा. जी दिसली नाही तिची आशा लागत नाही.

वर सांगितलेल्या दोघींचे शेवटी एका मामांनी मिटवले. गीझरचे बिल निम्मे-निम्मे, सोलरचे काकूंचे, कारण मेण काकांनी लावले होते आणि ते त्यांनी कबूल केले. बंब काकूंचाच. वीस हजारांतून बिलाचे कापून बाकी वहिनींनी त्याच दिवशी दिले. बोलणे मात्र अजून पूर्वीसारखे नाही.

गरम पाण्याबरोबर येणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक वीज. मागच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. वीज कंपन्यांच्या नियमांत तशी तरतूद असेल तर ती वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. म्हणून खरेदीखताच्या दिवशीचे शेवटचे बिल भरल्याची पावती हातात घ्या आणि महावितरणकडे नाव बदलण्याचा अर्ज लगेच द्या. ‘करू सावकाश’ म्हणत वर्षे जातात.

दुसरी गोष्ट गॅस. सिलिंडर आणि रेग्युलेटर घराबरोबर विकायच्या वस्तू नव्हेत. ते कंपनीचे, अनामत ठेवून विकणाऱ्याच्या नावावर दिलेले. गाव बदलणाऱ्याने ते एजन्सीत जमा करून कागद घ्यायचा आणि नव्या गावी तो दाखवून जोडणी घ्यायची. “राहू द्या ना दोन्ही सिलिंडर, पैसे देते,” असा व्यवहार करू नका. उद्या अपघात झाला तर नाव त्यांचे आणि घर तुमचे.

जाता जाता, घर तुमच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर हेही यजमानांच्या कानावर घाला: १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत सुरू झाली. आधी अट होती की असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही; ती २०२३ मध्ये काढून टाकली. घर पंचवीस लाखांचे असेल तर पंचवीस हजार वाचतात. त्यात नवा गीझर येतो, वायरमनची मजुरी निघते, आणि तांबट सापडला तर बंबही येतो.

ताब्याच्या दिवशी किल्ल्या घेताना यादी हातात ठेवा. एकेक वस्तू चालू करून समोर खूण करा, मीटरचे आकडे लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. गीझर मात्र नळाला धार आल्यावरच चालू करा. घर काही दिवस बंद असेल तर टाकी रिकामी असू शकते, आणि रिकाम्या टाकीत कॉईल लावली की ती जळू शकते.